जगबुडीची तारीख टळली, त्याच्या दुसऱ्या दिवशी

माणदेशी

आमच्या घरात एक गोष्ट साठ वर्षं हसून सांगितली जाते. १९६२ च्या फेब्रुवारीत अष्टग्रही, म्हणजे एकाच राशीत आठ ग्रह यायचा योग, आली तेव्हा माझ्या आजोबांनी विहिरीसाठी साठवलेले पैसे काढले आणि गावजेवण घातलं. जग बुडणारच आहे, तर पैसा पुरून ठेवून करायचा काय, असा त्यांचा हिशेब. जग बुडलं नाही, विहीर मात्र राहून गेली. लग्नाकार्यात पंगती उठल्या की कुणीतरी हे काढतं आणि सगळे हसतात. मीही हसत आले. वर्षभरापासून मात्र हसू येत नाही. का, ते सांगायला हा धागा काढतेय. मोठा होईल, सांभाळून घ्या.

निमित्त अगदी साधं. मी औंधला राहते. स्पायसर कॉलेजच्या बेकरीतला ब्राउन ब्रेड आमच्याकडे कितीतरी वर्षं येतो. शनिवारी तिथे जायचं नाही, हे इकडे सगळ्यांना पाठ असतं. मागे एकदा भाचीनं विचारलं, "रविवारी नाही आणि शनिवारीच का बंद?" मला सांगता येईना. वाचायला बसले. ही संस्था सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाची. १९१५ साली कोईमतूरला निघाली, पुढे बंगलोरला गेली आणि १९४२ मध्ये पुण्यात आली. शनिवार हा त्यांचा शब्बाथ, म्हणजे काम बंद ठेवून उपासना करायचा दिवस. पण हा पंथ मुळात आला कुठून, हे बघायला गेले आणि एका रात्रीपाशी येऊन थांबले. २२ ऑक्टोबर १८४४ ची रात्र.

विल्यम मिलर नावाचा शेतकरी होता, न्यूयॉर्क राज्यातल्या लो हॅम्प्टनचा. त्याचा चमत्कारांवर विश्वास नव्हता. देवाने जग निर्माण केलं आणि बाजूला झाला, असं मानणाऱ्यांतला. मग १८१२ चं युद्ध आलं. प्लॅट्सबर्गच्या लढाईत तो कॅप्टन होता. समोर इंग्रजांची फौज कितीतरी मोठी, तरी जय अमेरिकेचा झाला. आपण वाचलो कसे, हा प्रश्न तो घरी घेऊन आला. १८१६ पासून त्याने बायबल पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. एक ओळ समजल्याशिवाय पुढची वाचायची नाही, अशा रीतीने. दानीएलच्या पुस्तकात आठव्या अध्यायात एक वाक्य आहे : २३०० दिवसांनंतर पवित्रस्थान शुद्ध होईल. मिलरने एक दिवस म्हणजे एक वर्ष धरलं. पवित्रस्थान म्हणजे ही पृथ्वी, आणि शुद्ध होणं म्हणजे येशूचं परत येणं आणि जगाचा शेवट. मोजणी सुरू करायची इसवी सनापूर्वी ४५७ पासून, इराणच्या बादशहाने यरुशलेम पुन्हा बांधायचा हुकूम दिला तिथून. उत्तर आलं १८४३ च्या आसपास.

हे उत्तर त्याला १८१८ मध्येच मिळालं होतं. तेरा वर्षं तो जाहीरपणे बोलला नाही. पुन्हा पुन्हा तपासत राहिला. १८३१ मध्ये पहिलं प्रवचन केलं, तेही कुणी बोलावलं म्हणून. हा माणूस बुवाबाजी करणारा नव्हता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पुढचं सगळं झपाट्याने झालं. १८३३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या आकाशात उल्कांचा असा पाऊस पडला की लोक अंथरुणातून उठून रस्त्यावर आले. १८३७ मध्ये बँका बुडाल्या, शेतमालाचे भाव कोसळले. १८३९ मध्ये मिलरला जोशुआ हाइम्स भेटला. बॉस्टनचा पाद्री आणि प्रचारकार्यातला वाकबगार माणूस. वर्तमानपत्रं निघाली, दानीएलच्या स्वप्नातल्या श्वापदांचे आणि आकड्यांचे मोठे तक्ते छापले गेले, हजारो माणसं बसतील असा तंबू गावोगाव फिरू लागला. १८४३ च्या मार्चमध्ये दिवसाढवळ्या दिसणारा धूमकेतू आला. मानणाऱ्यांचा आकडा ५० हजार ते १ लाख सांगतात. त्या काळच्या लोकसंख्येच्या मानाने हा फार मोठा आहे.

मिलरने तारीख दिली नव्हती, वर्ष दिलं होतं : २१ मार्च १८४३ ते २१ मार्च १८४४. ते गेलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की इसवी सनात शून्य वर्ष नसतं, मोजणीत एक वर्ष चुकलंय. ऑगस्टमध्ये एक्सेटरच्या मेळाव्यात सॅम्युअल स्नो नावाच्या प्रचारकाने नेमका दिवस काढून दिला. यहुदी सातव्या महिन्याची दशमी, म्हणजे २२ ऑक्टोबर. हा दिवस लोकांनी वणव्यासारखा उचलला. खुद्द मिलरने तो मान्य केला अगदी शेवटी, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. तारीख खालून वर गेली, वरून खाली आली नाही.

लोकांनी काय केलं? देणी फेडली. जुन्या भांडणात माफी मागितली. दुकानं बंद केली. उभं पीक काढलं नाही, बटाटे जमिनीतच राहू दिले, कारण ते काढणं म्हणजे आपला विश्वास कच्चा असल्याची कबुली. पांढरे झगे घालून टेकडीवर चढले, असं जे सांगतात ते बहुतेक नंतर थट्टेसाठी रचलेलं आहे. बरेचसे आपापल्या घरी किंवा प्रार्थनेच्या जागी एकत्र बसून होते. मध्यरात्र झाली. हायरम एडसन नावाच्या शेतकऱ्याने पुढे लिहून ठेवलंय की उजाडेपर्यंत आम्ही रडत होतो.

सकाळी रस्त्यावरची पोरं त्यांना विचारायची, अजून वर गेला नाहीत?

मिलरला जानेवारी १८४५ मध्ये त्याच्याच चर्चने काढून टाकलं. तारीख चुकली हे त्याने छापून कबूल केलं, येणं जवळ आहे यावरचा विश्वास सोडला नाही. १८४९ मध्ये तो गेला, तोवर दृष्टी जवळजवळ गेली होती.

मला प्रश्न पडलाय तो त्या सकाळचा. भाकीत कसं रचलं जातं यावर खूप वाचायला मिळतं. ते खोटं ठरल्यावर दुसऱ्या दिवशी उठून माणूस काय करतो? चूल पेटवतो का? शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघतो का? तुमच्या घरात अष्टग्रहीच्या, १९७९ मध्ये कोसळलेल्या स्कायलॅब या अंतराळस्थानकाच्या किंवा आणखी कसल्या आठवणी असतील तर सांगा.

पंचांगवाला

ताई, अष्टग्रहीबद्दल थोडं लिहितो. वडील पंचांगाचं गणित करत, त्यामुळे हे घरात ऐकत वाढलो.

३ ते ५ फेब्रुवारी १९६२. रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू असे आठ मकर राशीत. तीनच दिवस का? चंद्रामुळे. बाकीचे आधीपासून येऊन बसलेले होते, चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस राहतो. तो आला तेव्हा आठ झाले, तो कुंभेत गेला तेव्हा योग सुटला. त्यात ५ तारखेला अमावास्या आणि खग्रास सूर्यग्रहण. ते ग्रहण पॅसिफिकमध्ये होतं, आपल्याकडे दिसणारच नव्हतं, पण ग्रहण हा शब्द पुरेसा होता.

देशभर यज्ञ झाले, जपजाप्य झालं, तुपाचे डबे होमात गेले. वडील सांगायचे, लोक दाराशी येऊन एकच विचारायचे, "गुरुजी, खरंच का?" आणि ते म्हणायचे, राशी ही आपण आखलेली चौकट आहे, गुरू आणि शनी एकमेकांपासून कोट्यवधी मैल लांबच आहेत. कुणाला पटायचं नाही. आधीच्या जुलैत, १२ जुलै १९६१ ला, पानशेत फुटलं होतं. पुण्याने सकाळी धरण फुटल्याची आवई म्हणून हसून सोडलेली बातमी दुपारी दारात पाणी होऊन आलेली पाहिली होती. ज्यांनी ते पाहिलं त्यांना सात महिन्यांनी "काही होत नाही, घाबरू नका" कोण आणि कसं सांगणार?

आणखी एक. ऑक्टोबरमध्ये चीनने हल्ला केला तेव्हा तेच लोक परत आले. "बघा गुरुजी, फळ उशिरा मिळालं." म्हणजे भाकीत फसलं नाही, लांबलं.

अनुस्वार

धागा आवडला, पण थोडा विरोध नोंदवतो.

शेवटचा मुद्दा मानसशास्त्रात बराच अभ्यासलेला आहे. १९५४ मध्ये शिकागोजवळ एका गृहिणीने सांगितलं की २१ डिसेंबरला महापूर येणार आणि त्याआधी मध्यरात्री परग्रहावरचं यान आपल्याला न्यायला येणार. लिऑन फेस्टिंगर आणि त्याचे सहकारी अनुयायी म्हणून आत शिरून बसले. यान आलं नाही. पहाटे पावणेपाचला बाईंना नवा संदेश आला : तुमच्या श्रद्धेच्या प्रकाशामुळे जग वाचवलं गेलं. त्याआधी वर्तमानपत्रांना टाळणारी ही माणसं मग स्वतःहून फोन करून ते सांगू लागली. निष्कर्ष असा निघाला की जितकं जास्त गमावलं, तितका विश्वास सोडणं अवघड.

हा निष्कर्ष मी पूर्वी अगदी घट्ट धरून होतो, आता नाही. गट लहान होता आणि त्यात अभ्यासकांचेच लोक बरेच होते. त्यांच्या असण्यानेच वागणं बदललं असेल. मिलरच्या लोकांतलेही कितीतरी गुपचूप बाजूला झाले, कुणी जुन्या चर्चमध्ये परत गेले, कुणी धर्मच सोडला. जे टिकले त्यांचाच इतिहास लिहिला गेला.

माझा विरोध वेगळा आहे. सहानुभूती कुणाबद्दल ठेवायची? ज्याने बटाटे जमिनीत सोडले त्याच्याबद्दल, हे मान्य. पण तंबू लावणाऱ्याचं काय, तक्ते छापणाऱ्याचं काय? प्रामाणिक होता म्हणून सुटतो का?

माणदेशी

पंचांगवाला काका, पानशेतचं कधी असं जोडून पाहिलं नव्हतं. धन्यवाद.

अनुस्वार, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. हाइम्सवर तेव्हाच पैसे खाल्ल्याचे आरोप झाले, त्याने हिशेब पुढे करून ते खोडले. २२ ऑक्टोबर उलटल्यावर ज्यांच्या घरात दाणा नव्हता त्यांच्यासाठी गावोगावच्या मंडळींनी मदत गोळा करावी, असं आवाहनही त्याने केलं. मला हे पुरेसं वाटत नाही. पण तारीख देणाऱ्यांतले किती जण दुसऱ्या दिवशी धान्य गोळा करायला उभे राहतात, हे बघितलं तर तो उजवा ठरतो.

कोरडवाहू

मी इथे कमी लिहितो. पण धान्याचा विषय निघाला म्हणून.

२०२२ ला लम्पी आला तेव्हा आमच्या गोठ्यात चार जनावरं होती. खिलारीची जोडी, एक गाय, एक कालवड. कालवड गेली. अंगावर गाठी, डोळ्यातून पाणी, उभी राहायची आणि कोसळायची. त्या पंधरवड्यात मला कुणी सांगितलं असतं की अमुक केलंस तर जनावरं उठतील, तर मी केलं असतं. काहीही केलं असतं. लस आली म्हणून बाकीची वाचली.

त्या वेळी मला खोसा लोकांची हकिकत कळली. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडचे हे गुराखी लोक. गुरं हेच धन, वधूमूल्य, मान, सगळं. इंग्रजांशी आठवी लढाई १८५३ मध्ये हरून झाली होती, जमीन जात होती. त्याच वर्षी युरोपातून जहाजाने आलेल्या बैलांबरोबर फुप्फुसाचा रोग उतरला आणि दोन वर्षांत यांच्या कळपांत शिरला. जनावर आतून सडत मरायचं. इलाज कुणाकडेच नव्हता, गोऱ्यांकडेही नव्हता.

१८५६ मध्ये नोंगकावुसे नावाची पंधरा-सोळा वर्षांची पोर गखारा नदीवर गेली. परत येऊन म्हणाली, मला पूर्वज भेटले. ते सांगतात, ही गुरं विटाळलेली आहेत, सगळी मारा. धान्य टाकून द्या. पेरू नका. नवे गोठे बांधा, नवी पेवं खणा. मग मेलेले उठतील, समुद्रातून निरोगी गुरं येतील, गोरे लोक जातील. तिचा चुलता म्हलाकाझा याने ते उचललं, मग राजा सारहिलीने.

माणदेशी ताईंनी राजकारण कुठे येतं हे विचारलेलं नाही, पण इथे येतं. त्यांच्याशी लढलेला माजी गव्हर्नर कॅथकार्ट १८५४ मध्ये क्रिमियात रशियनांकडून मारला गेला. ही बातमी पोचली तेव्हा खोसा टेकड्यांवर पहारे बसवून रशियनांच्या जहाजांची वाट बघू लागले. ज्यांनी इंग्रजाला मारलं ते आपलेच मेलेले वीर असणार. हा वेडेपणा नाही. हरलेल्या माणसाने हाताशी असलेल्या बातम्यांतून लावलेला अर्थ आहे.

तारखा दिल्या, त्या टळल्या. दर वेळी कारण एकच : अजून सगळ्यांनी मारली नाहीत. मारणारे आणि न मारणारे असे घराघरात दोन तट पडले. न मारणाऱ्यांना "कठीण" म्हणायचे, म्हणजे स्वतःपुरतं बघणारे. शेवटची तारीख १८ फेब्रुवारी १८५७. त्या दिवशी सूर्य वेगळा उगवणार होता. नेहमीसारखा उगवला आणि मावळला.

सुमारे ४ लाख गुरं मारली गेली. सुमारे ४० हजार माणसं उपासमारीने गेली. ब्रिटिश कॅफ्रारिया या एका मुलखात १ लाख ५ हजार होते, वर्षअखेरीस २७ हजारांच्या आत राहिले. गव्हर्नर जॉर्ज ग्रेने भुकेल्यांना अन्नाच्या बदल्यात वसाहतीत मजुरीचे करार करायला लावले, मोकळी झालेली जमीन गोऱ्यांना वाटली. हे सगळं त्यानेच घडवून आणलं असं अजूनही तिकडे पुष्कळ लोक मानतात. त्याने घडवलं असा पुरावा नाही. घडल्यावर त्याने त्याचा उपयोग केला, याचा ढीगभर आहे.

अनुस्वार, तारीख देणाऱ्याचा हिशेब जरूर मागा. पण दुसऱ्या दिवशी जमीन कुणाच्या नावावर झाली, हेही विचारा.

सालवृक्ष

कोरडवाहू दादा, वाचून बराच वेळ काही लिहवेना.

बिरसा मुंडांच्या चरित्रातही याची एक बाजू आहे आणि ती शाळेच्या धड्यात येत नाही. १८९५ मध्ये बिरसा जेमतेम वीस वर्षांचे होते. आकाशातून आग बरसणार, चलकदच्या टेकडीवर माझ्यासोबत जे असतील तेच वाचतील, असं त्यांनी सांगितलं. लोक गेले. आग आली नाही, ऑगस्टमध्ये पोलीस आले. तुरुंगातून सुटल्यावरचे बिरसा मात्र आकाशाची वाट बघत बसले नाहीत. १८९९ च्या डिसेंबरात उलगुलान, म्हणजे मुंडांचा मोठा उठाव, उभा राहिला. ९ जून १९०० ला ते रांचीच्या तुरुंगात गेले आणि १९०८ मध्ये छोटानागपूरचा कूळकायदा झाला. तारीख फसल्यावर काही जण नवी तारीख काढतात, काही जण धनुष्य हातात घेतात. माझ्या मते बिरसांची थोरवी या वळणात आहे.

भुईकोट

आमच्या नगरची भर घालतो, कारण हा इतिहास नगरमध्येही फार कुणाला सांगता येत नाही.

हिजरी सन १००० म्हणजे इसवी सन १५९१-९२. हजार वर्षं भरत आली की काहीतरी मोठं घडणार, मेहदी, म्हणजे शेवटच्या काळातला तारणहार, येणार, धर्म नवा होणार, ही भावना तेव्हा हिंदुस्थानापासून इराणपर्यंत होती. अकबराने हजार वर्षांचा इतिहास लिहून घ्यायचं काम १५८२ मध्ये सुरू केलं आणि नाण्यांवर "अल्फ", म्हणजे हजार, हा शब्द घातला. त्याच्या शंभर वर्षं आधी जौनपूरच्या सय्यद मुहम्मदांनी आपणच मेहदी असल्याचं सांगितलं होतं. १५०५ मध्ये ते वारले, पण त्यांचे अनुयायी, महदवी, गुजरात आणि दख्खनमध्ये पसरले. साधे राहणारे, मिळेल ते सारखं वाटून खाणारे लोक.

१५८९ मध्ये निजामशाहीत रक्तपात झाला आणि जमालखान नावाचा दख्खनी सरदार वर आला. तो महदवी. त्याने लहानग्या इस्माइलला गादीवर बसवलं आणि महदवी पंथ राज्याचा धर्म केला. हजारावं वर्ष दोन वर्षांवर असताना आपल्या नगरच्या किल्ल्यात मेहदीवाद्यांचं राज्य होतं! टिकलं नाही. इस्माइलचा बाप बुऱ्हाण अकबराच्या आश्रयाला होता, तो परत आला. १५९१ मध्ये बुलढाण्याकडच्या रोहणखेडला लढाई झाली, जमालखान पडला. महदवींवर मग वाईट दिवस आले. सन १००० काही महिन्यांनी उजाडला, तेव्हा नगरात त्यांचं नाव घ्यायची सोय नव्हती.

रोहणखेडला दोनदा जाऊन आलोय. त्या माळावर उभं राहिलं की वाटतं, यांच्यासाठी जगाचा शेवट खरोखरच आला, फक्त ठरल्यापेक्षा थोडा आधी.

पॅसिफिक किनारा

२०११ मध्ये आम्ही कॅलिफोर्नियातल्या ओकलंडजवळ राहत होतो. महामार्गावर मोठमोठे फलक : २१ मे, न्यायाचा दिवस. हॅरोल्ड कॅम्पिंग नावाचे जवळजवळ नव्वदीचे गृहस्थ, त्यांची रेडिओ वाहिनी आमच्याच भागातली. संध्याकाळी सहाला भूकंप होणार आणि तोही प्रत्येक देशात तिथल्या घड्याळाप्रमाणे, पूर्वेकडून सुरू होत येणार, असं ते सांगत. त्यामुळे न्यूझीलंडमध्ये सहा वाजून गेले आणि काही झालं नाही, हे आमच्याकडे आदल्या रात्रीच कळलेलं होतं.

माझ्याबरोबर काम करणारी एक बाई हे मानायची. शुक्रवारी निघताना तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे. सोमवारी ती आली. कुणी काही बोललं नाही. मी चहा करून तिच्या टेबलावर ठेवला, एवढंच सुचलं. न्यूयॉर्कमध्ये मेट्रोतून निवृत्त झालेल्या एकाने आयुष्यभराची १ लाख ४० हजार डॉलरची पुंजी जाहिरातींत घातली होती. सहा वाजून गेल्यावर टाइम्स स्क्वेअरमध्ये उभा असलेला त्याचा फोटो छापून आला, भोवती हसणारी गर्दी. तो फोटो मला अजून दिसतो.

कॅम्पिंगनी मग २१ ऑक्टोबर सांगितली. तीही गेली. पुढच्या मार्चमध्ये मात्र त्यांनी लिहून माफी मागितली, तारीख सांगणं हे पाप होतं असं म्हटलं.

खेडची लेक

लहानपणी मला वाटायचं जगबुडी म्हणजे फक्त आमची नदी. खेडला राहणाऱ्यांना "जगबुडी वाढली" हे वाक्य दर पावसाळ्यात ऐकू येतं. जुलै २०२१ ला ती बाजारपेठेत आली तेव्हा पाणी ओसरल्यावर सगळ्यांनी पहिलं काम काय केलं असेल तर चिखल काढला. दुकानदार, गिऱ्हाईक, कोण कुणाचा ते न बघता. मला धाग्यातला प्रश्न वाचून तेच आठवलं.

गडभटका

हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या लेण्यात गेला असाल तर चार खांब आठवतील. मध्ये मोठं शिवलिंग, भोवती कमरेइतकं बर्फासारखं पाणी. चारातले तीन खांब तुटलेले, एक शाबूत. चार खांब म्हणजे चार युगं, तीन संपली, चौथा पडला की जगाचा अंत, असं तिथे सांगतात. मी पंचवीसेक वेळा गेलोय. दर वेळी आत शिरल्यावर आधी नजर त्या खांबाकडे जाते. भीती नाही वाटत. आहे ना अजून, असं वाटतं.

शास्त्राप्रमाणे कलियुग ४ लाख ३२ हजार वर्षांचं, त्यातली पाच हजार आणि वर थोडी गेली. विठोबा अठ्ठावीस युगं विटेवर उभा आहे. एवढा लांबचा हिशेब असलेल्या मुलखात तीन दिवसांच्या अष्टग्रहीने घबराट का व्हावी, हे मला कळलेलं नाही.

पंचांगवाला

गडभटका, चार लाख वर्षांचा हिशेब पुराणात असतो. घरात हिशेब असतो तो येत्या पावसाळ्यापर्यंतचा.

पहाटतारा

मी बरेच दिवस फक्त वाचते, आज लिहिते. आमचं कुटुंब तीन पिढ्यांचं मराठी अॅडव्हेंटिस्ट. शब्बाथ शाळेत आम्हाला २२ ऑक्टोबर लपवून नाही, सांगून शिकवतात. त्याला "मोठी निराशा" म्हणतात.

माणदेशी ताईंनी त्या सकाळचं विचारलं आहे. आमच्याकडे ती सकाळ सांगितली जाते. रात्रभर रडून झाल्यावर एडसन काही सोबत्यांना घेऊन कोठारात प्रार्थनेला गेला. मग धीर खचलेल्या शेजाऱ्यांना भेटायला म्हणून निघाला. रस्त्याने गेलं तर लोक हिणवतील, म्हणून मक्याच्या शेतातून, असं आजी सांगायची. त्या शेतात त्याला उमजलं की दिवस बरोबर होता, घटना चुकीची समजली. पवित्रस्थान पृथ्वीवरचं नव्हे, स्वर्गातलं. इथूनच आमचा पंथ वाढला. १८६३ मध्ये रीतसर स्थापना झाली तेव्हा १२५ मंडळ्या आणि साडेतीन हजार माणसं होती, आज दोन कोटींच्या वर आहेत. अनुस्वार दादा याला फसलेल्या भाकिताची डागडुजी म्हणतील, ते म्हणू देत. मला एवढंच सांगायचं आहे की आम्ही पुन्हा तारीख लावली नाही. त्या दिवसाची घटका कुणालाच ठाऊक नाही, असं मत्तयाच्या शुभवर्तमानात चोविसाव्या अध्यायात प्रभू सांगतो. आमच्या लोकांनी ते फार मोठी किंमत मोजून शिकलं.

वाट बघणं संपलं नाही. पण वाट बघताना करायचं काय, तर दवाखाने आणि शाळा काढायच्या, शरीर नीट ठेवायचं. बॅटल क्रीकचा आरोग्याश्रम आमच्याच लोकांचा. तिथले डॉक्टर जॉन हार्वे केलॉग आणि त्यांचे भाऊ यांनी रुग्णांसाठी धान्याचे पापुद्रे लाटले, त्याचेच पुढे कॉर्नफ्लेक्स झाले. औंधचा ब्राउन ब्रेडही त्याच वाटेने आलेला आहे. ताई, तुमच्या भाचीला सांगा.

आणि एक विचारू? सहा फेब्रुवारीला सकाळी तुमच्या आजोबांनी काय केलं?

माणदेशी

पहाटतारा, तुमचा प्रतिसाद भाचीला वाचून दाखवला. आणि तुमचा प्रश्न वाचून लक्षात आलं की मला तेवढंच माहीत नव्हतं. आमची गोष्ट पंगतीवर संपते. तिथेच सगळे हसतात, म्हणून पुढचं कुणी विचारलंच नाही.

काल आत्याला फोन केला. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. आधी म्हणाली, "आता कशाला गं ते." मग बोलायला लागली.

फेब्रुवारी म्हणजे शाळू हुरड्याच्या पुढे गेलेला, दाणा भरलेला. पाखरं राखायला रोज कुणीतरी माळ्यावर असायचं. त्या तीन दिवसांत गावात कुणीच गेलं नाही. सगळे देवळापुढे. पाच तारखेच्या रात्री कुणी झोपलं नाही, आजीने पोरांना अंगाखाली घेतल्यासारखं जवळ धरलं होतं. सहाला उजाडलं तेव्हा आजोबा ओसरीवर बसलेले. कुणाशी बोलले नाहीत. मग उठले, खुंटीवरची गोफण काढली आणि रानात गेले. आत्या मागोमाग भाकरी घेऊन गेली. ओढ्याकडचा कोपरा पाखरांनी साफ केला होता, नुसती बुंडखं उभी. आजोबा माळ्यावर चढून दिवसभर गोफण फिरवत होते. तिकडे पाखरू नसलं तरी फिरवत होते, असं आत्या म्हणाली.

विहीर झाली १९७३ साली, मोठ्या दुष्काळानंतर. मधली अकरा वर्षं आजी ओढ्यातल्या झऱ्याचं पाणी वाटीवाटीने भरून आणायची. मी आत्याला विचारलं, आजी कधी बोलली का त्यांना यावरून. आत्या म्हणाली, नाही. पण पंगतीची गोष्ट निघाली आणि सगळे हसायला लागले की ती उठून आत जायची.